एमआरआयवरून मानेचे टक्के ठरत नाहीत

अमेरिकेतल्या माजी सैनिकांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: एमआरआयमध्ये मानेच्या मणक्यांमधल्या गाद्या जितक्या झिजलेल्या, तितके सरकारी भरपाईसाठी धरले जाणारे अपंगत्वाचे टक्के जास्त. तसं नाही. एमआरआयने निदान पक्कं होतं. टक्के ठरतात ते मुख्यतः मान किती अंश वाकते यावर.

व्हेटरन्स अफेअर्सच्या, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या अमेरिकी सरकारी खात्याच्या, नियमांत मान पुढे 45 अंश वाकणं सामान्य धरलं आहे. 30 च्या वर पण 40 पर्यंतच वाकली तर 10 टक्के, 15 च्या वर पण 30 पर्यंत तर 20, आणि 15 किंवा त्याहून कमी वाकली तर 30. मोजमाप गोनिओमीटरने, म्हणजे कोन मोजायच्या साधनाने, व्हायला हवं. नुसत्या नजरेने अंदाज घेतला, तर ते लगेच खात्याला लेखी कळवा.

खरं नुकसान हे टक्के ठरवण्यासाठीच्या तपासणीच्या खोलीत होतं. दुखणं गिळून मान पूर्ण वाकवली जाते आणि कागदावर 45 उमटतात. कृपा करून असं करू नका! जिथे दुखायला लागतं तिथेच तोंडाने सांगा. दुखणं उसळतं तेव्हा मान किती वळते, गाडी मागे घेताना मागे बघता येतं का, तेही सांगा. तपासणीच्या दिवशी दुखणं उसळलेलं नसलं, तरी त्या काळातल्या मर्यादेचा अंदाज परीक्षकाने उपलब्ध माहितीवरून द्यायचा असतो. शार्प विरुद्ध शुल्किन या अमेरिकी न्यायालयाच्या 2017 च्या निकालाने हे स्पष्ट केलं.

मानेमुळे हातात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा येत असेल, तर त्याचे टक्के वेगळे मिळतात. अर्जात हाताचा उल्लेख स्वतंत्रपणे करा.