स्क्रोल सॉ काम

टेबलावर बसवलेल्या, उभे पाते वरखाली चालणाऱ्या यंत्र-करवतीने लाकडात वळणदार आकार व जाळी कापण्याचा छंद. सुताराच्या हातकरवतीचा व्यवहार इथे उलटा होतो : लाकूड शिकंज्यात घट्ट आणि करवत फिरती असे नसून, पाते जागच्या जागी खालीवर होते आणि लाकूड दोन्ही हातांनी फिरवावे लागते. जोर लावून उपयोग नसतो. ढकलले की पाते वाकते, आणि वर सरळ दिसणारी कड खालच्या बाजूने तिरकी निघते.

या यंत्राचा पूर्वज म्हणजे हाताची फ्रेट सॉ. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची चौकट आणि तिच्यात ताणलेले केसासारखे पाते; सोनाराच्या हातातली करवत याच कुळातली. फ्रान्समध्ये फर्निचर-कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) पितळ आणि कासवाच्या पाठीचे पत्रे एकावर एक ठेवून एकदमच कापत असे. म्हणजे एकाची पोकळी दुसऱ्याच्या तुकड्याने नेमकी भरते. आजही चार-पाच पातळ प्लाय चिकटपट्टीने बांधून एकाच कापात तेवढे नग काढतात, ती युक्ती याच जातीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिलाई मशीनसारख्या पायाने चालवायच्या करवती आल्या आणि अमेरिका-इंग्लंडच्या घराघरांत फ्रेटवर्कची, म्हणजे या करवतीने कापलेल्या जाळीकामाची, लाट उसळली. इंग्लंडमध्ये १८९५ साली ‘हॉबीज वीकली’ हे नमुने पुरवणारे साप्ताहिकच निघाले. १९३०च्या दशकातील मंदीत अमेरिकेत अनेकांनी घरच्या करवतीवर लाकडी जिगसॉ कोडी कापून विकली.

जुन्या यंत्रांत पाते एका बाजूने स्प्रिंगने ओढलेले असे, त्यामुळे ते फार तुटे. वरचा आणि खालचा दांडा समांतर हलवून पात्याचा ताण सतत सारखा ठेवणारी रचना १९७०च्या दशकात जर्मनीच्या हेगनर यंत्रांनी लोकप्रिय केली, आणि छंद खऱ्या अर्थाने सुखाचा झाला. ताण पुरेसा आहे का हे कानाने कळते : पाते तारेसारखे छेडले तर स्वच्छ टणत्कार यावा.

पाते साधारण ५ इंच लांब असते. त्याला क्रमांक असतात. ५ क्रमांकाचे जेमतेम १ मिमी रुंद, तर शून्याखालची त्याहून नाजूक. घडणीत एका कडेला उरलेल्या खरखरीमुळे बहुतेक पाती सरळ न जाता थोडी उजवीकडे ओढतात. नवशिक्याला हा आपलाच दोष वाटतो. लाकूड किंचित तिरके धरून चालवले की रेघ सांभाळता येते.

खरी गंमत आतल्या कापात आहे. प्रत्येक पोकळीसाठी आधी बारीक भोक पाडायचे, पाते एका टोकाकडून सोडवून भोकातून ओवायचे, पुन्हा ताणायचे, कापायचे. शंभर पोकळ्यांच्या जाळीत हे शंभरदा. ज्याला या कामाचा कंटाळा येतो त्याने जाळीच्या वाटेला न गेलेले बरे. कठीण लाकूड कापताना जळून काळे पडते, ते टाळायला नमुन्याच्या कागदावरून पारदर्शक चिकटपट्टी लावतात.

मराठी नावाची पाटी कापताना देवनागरीचे गुणदोष हातालाच कळतात. शिरोरेषेमुळे ‘समीर’ एकसंध निघतो, रोमनसारखी सुटी अक्षरे मांडावी लागत नाहीत. पण ‘नंदा’चा अनुस्वार गळून पडतो, त्याला खालच्या रेघेशी बारीक पूल ठेवावा लागतो. ध, भ, थ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असल्याने ‘माधव’चे ‘मा’ आणि ‘धव’ असे दोन तुकडे होतात. ‘ध’ची गाठ मागच्या कान्याला टेकवली की प्रश्न सुटतो. उलट, अक्षरेच पोकळ कापायची असतील तर ‘व’ आणि ‘ब’ यांचे पोट निसटते.

बर्च प्लाय आणि मऊसर लाकूड सुरुवातीला बरे. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांची) कड सुबक येते, पण त्याचा बारीक भुसा फुफ्फुसाला वाईट, म्हणून मास्क हवाच. इतर यंत्र-करवतींच्या मानाने बोटांना धोका कमी. तरी पाटी दाबून न धरल्यास ती पात्याबरोबर उसळून थडथडते.

पाट्या आणि मखराच्या जाळ्या आता लेझरवर पटापट निघतात, फक्त कड काळी पडते. लेझरला सहज न जमणारा एक प्रकार मात्र करवतीकडेच आहे. चौकोनी ठोकळ्याच्या लगतच्या दोन बाजूंवर नमुना चिकटवतात. पहिली बाजू कापून झाली की सुटे तुकडे चिकटपट्टीने परत जागेवर बांधतात, ठोकळा काटकोनात वळवून दुसरी बाजू कापतात. मग चिकटपट्टी सोडून भोवतालचे तुकडे काढले की आतून बुद्धिबळाचा घोडा निघतो.