बाळ हलत नाही असं वाटलं तर सोलापूरला फोन करू नको

आमच्याकडं गड्ड्याची यात्रा चालू होती, म्हणजे जानेवारीचा मधला आठवडा, आणि रात्री दोन वाजता बहिणीचा व्हिडिओ कॉल. ती ब्रिटनमध्ये लीड्सला असते, तिथं तेव्हा रात्रीचे साडेआठ, चौतिसावा आठवडा चालू होता. "ताई, दुपारपासून बाळ नीट हललंच नाहीये गं." मी काही बोलायच्या आत आईनं फोन हिसकावला, गार पाणी पी, गुळाचा खडा खा, डाव्या कुशीवर पड आणि सकाळपर्यंत बघ काय होतंय. पहिल्या तीन गोष्टींनी काही बिघडत नाही, चौथी मात्र साफ चूक. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधीची चूक म्हणजे तिनं पहिला फोन सात हजार किलोमीटरवर आम्हाला केला. तिच्या हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाचा नंबर चोवीस तास चालू असतो, तो तिच्याकडं होता, पण "उगाच त्रास कशाला द्यायचा" म्हणून लावला नाही. मी तिला ओरडले आणि तो नंबर लावायला लावला.

मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण त्या रात्रीनंतर मी बरंच वाचलं, तेच इथं लिहितेय, कारण जुळे सोलापूरमध्ये आमच्या नुसत्या गल्लीत तीन घरांतल्या मुली परदेशात आहेत.

पोटातलं बाळ झोपतं. एकेक झोप २० ते ४० मिनिटांची, दीड तासाच्या वर सहसा जात नाही. म्हणून अर्धा तास शांत वाटलं तर काही नाही, पण अख्खी दुपार गेली तर विचारायलाच पाहिजे. याचं कारण एकदा समजलं की विसरत नाही. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तेव्हा आपण काय करतो, गाडी धुणं बंद, अंगण धुणं बंद, पिण्यापुरतं राखून ठेवतो. बाळाला वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, ऑक्सिजन कमी मिळायला लागला की तेही हेच करतं, हातपाय हलवणं कमी करतं आणि मेंदू-हृदयासाठी राखून ठेवतं. म्हणजे हालचाल कमी होणं हा कधीकधी पहिला निरोप असतो. शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं असं आपल्याकडं सर्रास सांगतात, ते खरं नाही. साधारण ३२ आठवड्यांपर्यंत हालचाल वाढत जाते आणि पुढं तेवढीच राहते, फक्त लाथेऐवजी वळवळ, सरकल्यासारखं वाटतं. दिवसात दहा वेळा हललं पाहिजे वगैरे आकडा धरून बसण्यात अर्थ नाही, प्रत्येक बाळाची स्वतःची सवय असते आणि त्या सवयीत बदल झाला की फोन. घरी ऑनलाइन मागवलेल्या डॉप्लर मशीनवर ठोके ऐकून समाधान मानू नये, ठोके ऐकू येतात म्हणजे सगळं ठीक असं नसतं, आणि कित्येकदा तर आईचेच ठोके ऐकू येतात.

तिला त्यांनी लगेच बोलावलं, पोटाला पट्टे बांधून अर्धा तास ठोक्यांचा आलेख काढला. मिनिटाला ११० ते १६० हे नॉर्मल, तिचे १४०च्या आसपास होते. "पुन्हा असं वाटलं तर पुन्हा ये, दहाव्यांदा वाटलं तरी ये," असं तिथल्या मिडवाइफनं, म्हणजे बाळंतपण बघणाऱ्या बाईनं सांगितलं. तोवर आमच्याकडं पहाटेचे साडेचार झालेले, आई देवासमोर.

आता हे झालं खऱ्या कारणाचं. पण मला वाटतं परदेशातल्या आपल्या मुलींची निम्मी भीती आजारातून येतच नाही, ती येते तुलनेतून. आईचा सगळ्यात मोठा राग म्हणजे "पाचव्या महिन्यानंतर सोनोग्राफीच नाही केली, नुसतं टेपनं पोट मोजायलेत, शिंप्याकडं गेलीय का डॉक्टरकडं?" ब्रिटनमध्ये धोका नसलेल्या बाईच्या ठरलेल्या सोनोग्राफी दोनच, एक बाराव्या आठवड्याच्या आसपास, दुसरी विसाव्या. नंतर टेप. तर टेप काही खुळेपणा नाही, २४ आठवड्यांनंतर पोटाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच भरते, आणि आलेखावरची रेघ घसरली की मग स्कॅनला पाठवतात. धोका नसलेल्या बायकांची शेवटच्या महिन्यांत सरसकट सोनोग्राफी केल्यानं बाळांचं भलं झालंय असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट स्कॅनवरच्या वजनात १०-१५ टक्के फरक सहज पडतो, म्हणजे तीन किलोचं बाळ अडीच दिसू शकतं आणि मग घरात रडारड. आपल्याकडं दर महिन्याला स्कॅन होतो म्हणून तोच नियम असं आपल्याला वाटतं, एवढंच.

त्याच्यापेक्षा वाईट घोळ रिपोर्टच्या आकड्यांचा. एक दिवस बहिणीनं व्हॉट्सॲपवर रिपोर्ट टाकला, हिमोग्लोबिन १०८. आईनं विचारलं हे काय बीपी आहे का. तिकडं लिटरवर मोजतात, आपल्याकडं डेसिलिटरवर, म्हणून दहानं भागायचं, १०.८. मग नवीन भीती, अकराच्या खाली! आपल्याकडं ११च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात, ब्रिटनमध्ये गरोदरपणाच्या मधल्या आणि शेवटच्या महिन्यांसाठी रेघ १०५वर आहे, म्हणून तिथल्या मिडवाइफनं काहीच म्हटलं नाही आणि हिला वाटलं दुर्लक्ष करतायत. साखरेचं तसंच. तिथं ७.८ दिसलं तर १८नं गुणायचं, १४० येतं, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी आपल्याकडची रेघ पण १४०च आहे! रेघ एकच, भाषा वेगळी. मी तिला हे दोन गुणाकार-भागाकार चिठ्ठीवर लिहून दिले, त्यानं जेवढी शांतता आली तेवढी ध्यानाच्या ॲपनं नाही आली.

नाळ गळ्याभोवती, ही दुसरी मोठी धास्ती, आपल्याकडं तर प्रत्येकाच्या ओळखीत एक गोष्ट असतेच. साधारण चार-पाचातल्या एका बाळाच्या गळ्याभोवती जन्मताना नाळेचा वेढा असतो आणि बहुतेकांना काही होत नाही. बाळ पोटात नाकानं श्वास घेतच नाही, त्यामुळं "गळा आवळला" हा प्रकार आपण समजतो तसा नसतो, ऑक्सिजन नाळेतून येतो आणि नाळेतल्या रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखा जाड थर असतो, तो दाब झेलतो. वार खाली आहे असं विसाव्या आठवड्याला सांगितलं असेल तर तेही बहुतेक वेळा पिशवी वाढते तसं वर सरकतं, पुन्हा एक स्कॅन करून बघतात.

बीपीचं मात्र हलक्यात घ्यायचं नाही. प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर, आणि सोबत बहुधा लघवीत प्रोटीन. याचं मूळ वारेत आहे. सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भपिशवीच्या रक्तवाहिन्या रुंद करतात, ते काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात काही प्रोटीन सोडते, त्यानं आईच्या सगळ्याच रक्तवाहिन्या बिघडतात. २००३ मध्ये बोस्टनला अनंत करुमांची या मूळच्या भारतीय डॉक्टरांच्या टीमनं यातलं एक प्रोटीन शोधलं, आणि आता त्यावरून रक्ताच्या टेस्ट निघाल्यात. पाय सुजणं बहुतेकींना होतंच, पण चेहरा एकदम सुजला, न थांबणारं डोकं दुखलं, डोळ्यांसमोर चमकलं, उजव्या बरगडीखाली दुखलं तर थांबायचं नाही. यात फिट येऊ शकते, ते झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट देतात, अगदी स्वस्त औषध. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर अभ्यास झाला, त्यात झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. लीड्सला जे इंजेक्शन तेच आपल्या सरकारी दवाखान्यात.

रक्त जाणं, पाणी जाणं, पोट दगडासारखं कडक होऊन दुखत राहणं, ही कारणं पण तशीच, आधी तिथला नंबर.

आणि भीतीचं काय? बहिणीचं नेहमीचं म्हणणं, मी एवढं टेन्शन घेते त्यानं बाळाला काही होईल का, म्हणजे टेन्शनचं पण टेन्शन. शेवटच्या तिमाहीत कॉर्टिसॉल हे टेन्शनचं हॉर्मोन तसंही दोन-तीन पट वाढलेलंच असतं, निसर्गानंच वाढवलेलं. आणि वारेत एक एन्झाइम असतं, ते आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निकामी करूनच पुढं सोडतं. एका वाईट रात्रीनं बाळाचं काही बिघडत नाही. गंमत म्हणजे ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन याच एन्झाइमला अडवतं, फिनलंडमध्ये तर गरोदर बायकांना ज्येष्ठमधाच्या गोळ्या-मिठाया भरपूर खाऊ नका असं सांगतात, आणि आमच्या आईनं खोकल्यासाठी अर्धा किलो बांधून ठेवलं होतं!

घोर लागला की फोन, फोन झाला की तासभर बरं, मग पुन्हा घोर, हे खाजवण्यासारखं असतं, जेवढं खाजवाल तेवढं वाढतं. खाजेवरून आठवलं, तळहात-तळपाय रात्री फार खाजत असतील आणि पुरळ नसेल तर लिव्हरची टेस्ट करून घ्यावी, ते वेगळं प्रकरण आहे. तर, काळजीसाठी ठराविक वेळ ठेवायची पद्धत आहे, मानसशास्त्रात १९८३ पासून वापरतात, दिवसभर जे सुचेल ते वहीत लिहायचं आणि अर्ध्या तासातच त्याचा विचार करायचा. आम्ही तिची दुपारी दीडची वेळ ठरवली, सोलापूरचे संध्याकाळचे सात. निम्म्या ओळी सातपर्यंत तिनंच खोडलेल्या असतात. झोपच येत नसेल, रोज छाती धडधडत असेल तर मात्र वही पुरत नाही, मिडवाइफला सरळ सांगायचं, त्यावर उपचार आहेत, आणि इंग्रजीत सांगता येत नसेल तर ब्रिटनमध्ये दुभाषी फुकट मागता येतो.

आईचं तिकीट झालंय. बॅगेतून ज्येष्ठमध काढलं, शेंगाचटणी आणि कडक भाकरी ठेवली, आणि आई रोज फोनवर आधी विचारते, "तिकडच्या बाईला विचारलीस का?"