कांडी तीच, आतला माल वेगळा: डुकराचं गोठवलेलं वीर्य आणि गोठवलेला भ्रूण

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे गाय माजावर आली की डॉक्टरांना फोन जातो. नायट्रोजनच्या जारमधून चिमट्याने कांडी निघते आणि गाय भरली जाते. हे सगळ्यांच्या ओळखीचं असल्यामुळे घरामागे चार डुकरं पाळणारा माणूस सहज विचारतो, “गायीक कांडी भरतत, तशी डुकरिणीक मेळात काय?” त्यातच ‘गोठवलेल्या भ्रूणापासून पिलं जन्मली’ अशी एखादी बातमी मोबाइलवर वाचलेली असते. मग वीर्याची कांडी आणि भ्रूणाची कांडी या दोन्ही गोष्टी डोक्यात एकच होऊन बसतात.

वरून पाहिलं तर फरक नाहीच. प्लास्टिकची तीच बारीक नळी, तोच द्रव नायट्रोजन, तेच उणे 196 अंश.

पण वीर्याच्या कांडीत फक्त बापाचा वाटा असतो, अर्धा. भ्रूण म्हणजे फळून झालेलं पाच-सहा दिवसांचं अख्खं जनावर, आकार मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही लहान. ज्या मादीच्या पोटात तो ठेवतात ती फक्त त्याला वाढवते. तिचा रंग, तिची जात पिलात उतरत नाही.

हा फरक किती महागात पडू शकतो हे आगोंद गोवन या गोव्याच्या काळ्या डुकरावरून कळतं. काणकोणातल्या आगोंद गावाचं नाव लागलेली ही जात अधिकृत नोंद झालेली आहे. 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. या रोगावर औषध नाही, लागण झाली की तिथली सगळी डुकरं मारावी लागतात. समजा आगोंदच्या साऱ्या माद्या गेल्या आणि हाती फक्त नरांचं गोठवलेलं वीर्य उरलं. मग यॉर्कशायरसारख्या परक्या जातीची मादी घ्यायची, पहिल्या पिढीत 50 टक्के आगोंद, तिच्या माद्यांवर पुन्हा तेच वीर्य, 75 टक्के, मग 87.5, असं करत पाचव्या पिढीत जेमतेम 97. एका पिढीला साधारण वर्ष धरा. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा, फक्त आईकडूनच येणारा वारसा तर कधीच परत मिळणार नाही. भ्रूण जपलेले असतील तर तीच यॉर्कशायर मादी चार महिन्यांच्या आत शुद्ध आगोंद पिलं देते. डुकरिणीचा गाभणकाळच 114 दिवसांचा.

मग सरळ भ्रूणच का नाही गोठवत? कारण डुकराला थंडी सोसत नाही, ना वीर्याला, ना भ्रूणाला. कारणं मात्र वेगवेगळी.

वीर्याचं आधी. डुकराच्या शुक्राणूचं आवरण नाजूक, त्यात कोलेस्टेरॉल कमी. 15 अंशांखाली गेलं की आवरण बिघडतं आणि शुक्राणू मरतात. म्हणून जगभर डुकरांचं कृत्रिम रेतन बहुतांशी न गोठवलेल्या, 17 अंशांच्या आसपास ठेवलेल्या पातळ केलेल्या वीर्यावर चालतं, आणि ते काही दिवसांत वापरावं लागतं. घरच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशी कामातून गेलेली असते. गोठवता येत नाही असं नाही. 1970 च्या सुमारास ते जमलं, पण वितळल्यावर शुक्राणू काही तासच टिकतात, त्यामुळे भरण्याची वेळ अचूक साधावी लागते आणि पिलं कमी होतात. वर मात्रेचा प्रश्न. बैलाच्या पाव मिलिलिटरच्या कांडीत दोन कोटींच्या आसपास शुक्राणू पुरतात. डुकरिणीला एका वेळी 80 मिलिलिटरच्या आसपास वीर्य आणि दोनशे-तीनशे कोटी शुक्राणू लागतात. गायीसारखी ‘एक कांडी, काम फत्ते’ ही कल्पना इथेच कोसळते.

भ्रूणाची अडचण चरबीची. सूक्ष्मदर्शकाखाली डुकराचा कोवळा भ्रूण काळपट, जवळजवळ अपारदर्शक दिसतो, कारण आत चरबीचे थेंब खच्चून भरलेले. डुकराच्या अंड्यातली चरबी गायीच्या अंड्याच्या दुपटीहून जास्त. थंडी लागली की या थेंबांचं आणि त्यांच्या भोवतालच्या पेशीच्या सांगाड्याचं बिनसतं. गोठवलेल्या भ्रूणापासून पहिलं वासरू 1973 मध्ये केंब्रिजला जन्मलं. डुकराची पिलं व्हायला 1989 उजाडलं, तीही जपानात, भोवतालचं पातळ कवच फोडून बाहेर आलेल्या, चरबी बरीचशी वापरून झालेल्या वयाच्या भ्रूणांपासून. पुढे 1995 मध्ये संशोधकांनी कोवळा भ्रूण सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरणाऱ्या यंत्रात, फिरवला, चरबी एका बाजूला गोळा केली आणि बारीक पिपेटने काढून घेतली. पिलं झाली. प्रयोगशाळेत देखणं काम, पण एकेका भ्रूणावर अशी शस्त्रक्रिया करून कुठली जात जपणार?

खरी वाट काढली ती अतिवेगाने थंड करण्याच्या पद्धतीने. साखरेचा पाक सावकाश थंड होऊ दिला की खडीसाखरेचे खडे धरतात. चिक्कीचा घट्ट पाक पटकन थापला की तीच साखर काचेसारखी जमते. भ्रूणाचंही तसंच. मिनिटाला अर्धा अंश अशा चालीने गोठवलं तर बर्फाचे खडे धरायला आणि थंडीने नुकसान व्हायला भरपूर वेळ मिळतो. घट्ट संरक्षक द्रावणात बुडवून, अगदी बारीक ओढलेल्या नळीत थेंबभर घेऊन थेट नायट्रोजनमध्ये टाकलं की बर्फ होण्याआधीच सगळं काच बनतं. 2000 च्या आसपास या पद्धतीने डुकरांची पिलं जन्मली, आणि कवच शाबूत असलेल्या भ्रूणांवरही ती चालू लागली.

कवच शाबूत असणं महत्त्वाचं, कारण असा भ्रूण ताज्या द्रावणात दहादा धुऊन बाहेर चिकटलेले जंतू काढता येतात. डुकराच्या कवचाला काही विषाणू घट्ट चिकटतात, त्यामुळे धुतलं म्हणून तपासणीतून सुटका नाही. वीर्य मात्र असं धुऊन स्वच्छ होत नाही. पीआरआरएससारखा (डुकरिणीचा गाभ पाडणारा आणि डुकरांना श्वासाचा त्रास देणारा) विषाणूचा रोग नराच्या वीर्यातून सरळ मादीत जातो, म्हणून तिथे आधी नरच निरोगी लागतो.

आणखी एक गोष्ट बातमीत सहसा नसते. गायीला एक भ्रूण पुरतो. डुकरिणीच्या पोटात सुरुवातीच्या दिवसांत चार तरी भ्रूण जिवंत नसले तर गर्भ टिकत नाही, म्हणून गोठवलेले वीस-तीस ते चाळीस एकदम सोडावे लागतात. ते मिळवायला दात्या माद्यांचं पोट उघडावं लागतं. सोडायला लांब लवचिक नळी निघाली आहे, पण वळ्यावळ्यांच्या गर्भाशयमुखातून ती सरकवणं हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही.

तेव्हा कुडाळ-मालवणकडच्या वराहपालकाला सध्या उपयोगाचं काय, तर 17 अंशांचं ताजं वीर्य. त्यासाठी नायट्रोजनचा जार नको, पण पावसाळ्यात वीज गेली तरी तापमान धरून ठेवणारी पेटी हवी, आणि मे महिन्यात दुचाकीवरून बाटली आणताना ती उन्हात तापू नये एवढी काळजी. कोणी ‘डुकराची गोठवलेली कांडी’ विकायला आला तर आत वीर्य आहे की भ्रूण हे आधी विचारा, मग एका मादीला किती लागतील ते विचारा. ‘एकच पुरे’ म्हणाला तर पैसे खिशातच राहू द्या.