सोसायटीच्या गच्चीवर सोलर: अनुदानाचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

मुंबईत फ्लॅट तुमचा असला तरी गच्ची सोसायटीची. त्यामुळे गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला मिळणारं कमाल ७८,००० रुपयांचं अनुदान इथल्या बहुतेकांच्या उपयोगाचं नाही. इथे अर्ज सोसायटीनं करायचा, लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरवर. त्याला दर किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात; मर्यादा घरटी ३ आणि एकूण ५०० किलोवॉट. २० फ्लॅटच्या इमारतीची पात्रता कागदावर ६० किलोवॉट भरते, पण एवढी जागा असते कुणाकडे? एका किलोवॉटला सावली न पडणारी साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते. टाकी आणि लिफ्ट रूमची सावली वजा जाता २० किलोवॉट बसले तरी पुष्कळ. अनुदान मग ३ लाख ६० हजार.

अर्जाआधी वीजबिल हातात घ्या. जुन्या सोसायट्यांत कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर असतो, आणि गाडी तिथेच अडते. आधी नोंदणी प्रमाणपत्र जोडून नाव बदलून घ्या. मग मंजूर भार (त्या मीटरवर जास्तीत जास्त किती किलोवॉट वापरायला कंपनीची परवानगी आहे ते) पाहा: राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनुसार सोलरची क्षमता त्याहून जास्त चालत नाही. भार १० किलोवॉट आणि प्रकल्प २० चा, तर आधी भारवाढ. प्रत्येक विंगचा मीटर वेगळा असेल तर एकाचे युनिट दुसऱ्याच्या बिलात वळते होतील असं धरून चालू नका.

कागदपत्रं: ताजं वीजबिल, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन, सर्वसाधारण सभेचा ठराव, सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याचं आधार, सोसायटीच्याच खात्याचा कॅन्सल चेक. ठरावात क्षमता, खर्चाची मर्यादा आणि सहीचे अधिकार स्पष्ट लिहा. ‘सोलर बसवण्यास मंजुरी’ एवढ्यावर पुढे वाद होतात.

नोंदणी योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर, मोफत. वीज कंपनी निवडताना बिलावरचीच निवडा: बेस्ट, अदानी, टाटा की भांडुप-मुलुंडकडे महावितरण. ग्राहक क्रमांक चुकला की अर्ज भलतीकडे जातो. तांत्रिक मंजुरीनंतर पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच काम, मग नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा), कंपनीची तपासणी आणि शेवटी बँक तपशील भरून अनुदानाची मागणी.

कोटेशनमध्ये पॅनल ‘डीसीआर’ असल्याचं लिहून घ्या, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले. स्वस्तातले आयात सेलचे पॅनल लावले की अनुदान गेलंच.

गच्चीचं काम सर्वांत नाजूक. स्लॅबला भोकं पाडून अँकर ठोकले की वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पहिल्याच पावसात वरच्या फ्लॅटचं छत ओलं होतं. त्यापेक्षा स्लॅबवर नुसते ठेवलेले काँक्रीटचे पेडेस्टल, म्हणजे ठोकळे, बरे, पण त्यांचं वजन आणि वाऱ्याचा जोर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट तसंही सक्तीचं आहे. तो अहवाल आधी. पॅनलखालून वारा खेळला तर स्लॅब कमी तापतो. वरच्या मजल्यावरच्यांची मतं ठरावाला मिळवायची असतील तर हे सभेत आवर्जून सांगा.

क्षमता मात्र वापराइतकीच ठेवा. एक किलोवॉट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, पावसाळ्यात बरंच कमी. जादा युनिट पुढच्या बिलांत वळते होतात, पण आर्थिक वर्षाअखेर जे उरतात त्यांना तुमच्या वीजदरापेक्षा कमी भाव मिळतो.