दुसरी फळी

दुसरी फळी म्हणजे आज जे संस्था, चळवळ, गाव किंवा ऑफिस चालवतायत त्यांच्या मागे उभी असलेली आणि उद्या तेच काम अंगावर घेणारी माणसं. ही फळी तयार करणं म्हणजे आधीच्याने आपल्याकडची माहिती, ओळखी, अंदाज आणि झालेल्या चुकासुद्धा पुढच्याच्या हातात देणं. शब्द राजकारणात जास्त ऐकू येतो, "त्यांच्याकडे दुसरी फळीच नाही" वगैरे, पण भजनी मंडळापासून सोसायटीपर्यंत कुठेही लावा, बसतो.

यातलं काही ज्ञान कागदावर देता येतं, म्हणजे हिशोब, ठराव, फोन नंबर. बाकीचं येत नाही. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये मांडलं की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त माहीत असतं. नाशिककडच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला कोणत्या डोळ्यावर कात्री मारायची हे म्हातारा शेजारी उभा राहून दोन-चार काड्या दाखवतो तेव्हाच पोराला कळतं.

आणि सगळ्यात जास्त हरवतं ते "का". काय केलं हे फाईलीत राहतं, का केलं ते माणसाबरोबर जातं.

नाशिकमधलं याचं ठळक उदाहरण काळाराम मंदिर सत्याग्रहाचं. अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, पण ते मुंबईत, पुढे गोलमेज परिषदेसाठी लंडनला, त्यामुळे रोजचा लढा स्थानिक कार्यकर्त्यांनाच चालवायला लागला. सत्याग्रह समितीचे सचिव होते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड, तेव्हा वय २७. दोघांमध्ये वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला आणि त्यातलं मार्च १९३४ चं पत्र मुद्दाम बघण्यासारखं आहे. सत्याग्रह आता थांबवावा असं बाबासाहेब त्यात सांगतात, पण नुसता आदेश देऊन सोडत नाहीत. मंदिरप्रवेश हा आपल्या लोकांना मूर्तिपूजक करण्यासाठी नव्हता, त्यांना आपल्या परिस्थितीची जाणीव व्हावी आणि ते जागे व्हावेत म्हणून होता, ते काम झालंय, असं कारण उलगडून देतात. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. चार वर्षं मंदिराच्या दारात लढलेल्या कार्यकर्त्यांना ती एकदम आभाळातून पडल्यासारखी वाटू नये एवढी तयारी त्या पत्राने केली असणार, असं आपलं मला वाटतं. हेच भाऊराव पुढे "दादासाहेब" झाले, १९५७ ला नाशिकमधून लोकसभेवर गेले आणि १९६४ चा देशभरातला भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांनी स्वतः चालवला.

पाणीवापर संस्थांमध्ये, म्हणजे कालव्याचं पाणी शेतकरी आपसात वाटून घेतात त्या संस्थांमध्ये, वेगळी पद्धत दिसते. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, १९९० च्या दशकात कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांनी संस्था काढल्या, कारण पाणी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. पुढे २००५ च्या राज्याच्या कायद्यात अध्यक्षपद कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागात आळीपाळीने फिरवायची तरतूद आली. म्हणजे पाणी मोजायचं कसं, पाळी लावायची कशी हे एकट्याच्या डोक्यात ठेवून खुर्ची धरून बसायची सोयच नाही. (आमच्या गल्लीतल्या मंडळात उलटं, जुन्या अध्यक्षांची वही शर्टाच्या खिशात, ते आजारी पडले त्या वर्षी मांडववाल्याला ॲडव्हान्स किती दिला हेच कुणाला माहीत नाही, दोनदा दिला.)

या सगळ्याची खरी परीक्षा सिंहस्थात, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्यात होते, कारण तो येतो १२ वर्षांनी आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या त्याच्या कितीतरी आधी. आखाड्यांचं बरं असतं, महंत आपल्या शिष्याला सोबत वागवतो, मग चादर पांघरण्याचा विधी होऊन तो शिष्य गादीवर बसतो, आधीच्या कुंभातलं सगळं त्या शिष्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. प्रशासनाकडे मात्र चार्ज दिल्याचा कागद. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. ती आठवण पुढच्या कुंभापर्यंत पोचली, जादा घाट बांधले गेले, पण २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, बंदोबस्त एवढा आवळला की लोकांना मैलोनमैल चालायला लागलं, गर्दी अपेक्षेपेक्षा फारच कमी झाली, टीका झाली आणि १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला तो सैल करायला लागला. म्हणजे भीती पोचली, बंदोबस्त कुठे सैल सोडायचा हा अंदाज नाही पोचला, आणि तो रिपोर्टात लिहिणंही अवघडच, तो त्या चौकात उभं राहून येतो.

आता पुढचा सिंहस्थ २०२७ चा. २००३ ला विशी-पंचविशीत दोरी धरून उभा असलेला पोलीस शिपाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल, म्हणजे नोकरीतच असेल, आणि आधीचे दोन्ही कुंभ पाहिलेला. त्याला प्लॅनिंगच्या मीटिंगला बोलावतात की नुसतं बॅरिकेडवर उभं करतात, एवढं बघायचं.