सीआरएममधील ग्राहक-माहिती ईमेल सेवेत नेताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोल्हापूर परिसरातील शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखानदार, गुजरीतील सराफ, हुपरीचे चांदी व्यावसायिक आणि चप्पल विक्रेते अशा निरनिराळ्या धंद्यांतील मंडळी आमच्याकडे एकाच कामासाठी येतात. ग्राहकांच्या नोंदी सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांची माहिती आणि त्यांच्याशी झालेले व्यवहार ठेवणाऱ्या संगणक-प्रणालीत, साठलेल्या असतात आणि आता त्याच ग्राहकांना नवीन मालाची, दरपत्रकाची किंवा दसरा-दिवाळीच्या योजनांची माहिती ईमेलने नियमित पाठवायची असते. त्यासाठी मेलचिंप, ब्रेव्हो किंवा झोहो कॅम्पेन्स यांसारखी एखादी सेवा घेतली जाते आणि आमच्याकडे पहिली मागणी येते ती बहुधा ‘सगळा डेटा तिकडे टाकून द्या’ अशी. सगळा डेटा तिकडे टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जे न्यायचे ते असलेल्यापेक्षा पुष्कळ कमी असते, आणि त्यातही सर्वांत आधी न्यायची असते ती ज्यांना पत्र पाठवायचे नाही त्यांची यादी. असे का, आणि या कामात आपल्याकडून आम्हाला काय लागते, हे पुढे सविस्तर दिले आहे.

दोन्ही ठिकाणची मांडणी वेगळी असते

सीआरएममध्ये एका फर्मच्या नावाखाली मालक, खरेदी अधिकारी आणि हिशेबनीस अशा तिघांची नोंद असू शकते. प्रत्येकाशी झालेले बोलणे, दिलेली कोटेशन्स, राहिलेला पाठपुरावा आणि विक्री करणाऱ्या आपल्या माणसाचे शेरे हे सारे त्या नोंदींना जोडलेले असते. ईमेल सेवेला यांतले जवळजवळ काहीच कळत नाही. तिच्या दृष्टीने एक ईमेल पत्ता म्हणजे एक माणूस आणि एक माणूस म्हणजे एक ओळ. त्यामुळे फाउंड्रीतील तिघांनी ‘इन्फो’ने सुरू होणारा एकच पत्ता दिला असेल, तर तीन नोंदींची एकच ओळ होते आणि बहुतेक सेवांत शेवटी आलेली नोंद आधीच्या दोघांची नावे पुसून टाकते. उलट, एकाच शेठजींचे घरचा आणि दुकानाचा असे दोन पत्ते असतील, तर त्यांना प्रत्येक पत्र दोनदा जाते. आपल्याकडे आणखी एक प्रकार सर्रास आढळतो : अनेक लहान फर्म आपल्या कर सल्लागाराचाच ईमेल पत्ता देतात, म्हणजे दहा फर्मना पाठवलेली जाहिरात प्रत्यक्षात एका सल्लागाराच्या टेबलावर जाते. अशा ठिकाणी कोणते नाव ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हा निर्णय संगणकाचा नाही आणि आमचाही नाही. आम्ही अशा नोंदी वेगळ्या काढून देतो. त्यांवर खूण आपणच करावी लागते.

कोणते रकाने न्यावेत, यासाठी आम्ही एक साधी कसोटी लावतो. ज्या रकान्यावरून पत्र कोणाला जाणार किंवा पत्रात काय लिहिले जाणार हे ठरत नाही, तो रकाना नेऊ नये. नाव, ईमेल पत्ता, गाव, पत्राची भाषा, ग्राहकाचा प्रकार, शेवटच्या खरेदीची तारीख, संमती कधी व कुठून मिळाली याची नोंद, एवढे बहुतेकांना पुरते. पॅन, आधार, येणे बाकी, सवलतीची टक्केवारी आणि विक्री प्रतिनिधींचे शेरे सीआरएममध्येच राहू द्यावेत. सीआरएमने प्रत्येक नोंदीला दिलेला ओळख क्रमांक मात्र आम्ही आग्रहाने सोबत नेतो, कारण ग्राहकाने पुढे ईमेल पत्ता बदलला तर दोन्हीकडची नोंद एकाच माणसाची आहे हे ओळखण्याचा तोच खात्रीचा आधार असतो.

नकाराची यादी आधी

ज्यांनी ‘मला ईमेल नको’ असे कळवले आहे, ज्यांचे पत्ते बंद पडून पत्रे परत आली आहेत आणि ज्यांनी आपले पत्र स्पॅम म्हणून नोंदवले आहे, अशा तिन्ही प्रकारच्या पत्त्यांची एक वेगळी फाइल करून ती नव्या सेवेत मनाईची यादी म्हणून सर्वांत आधी चढवावी लागते. सीआरएममध्ये यासाठी चौकोन असतोच. झोहो सीआरएममध्ये त्याला ‘ईमेल ऑप्ट आउट’ म्हणतात. परंतु त्या चौकोनातील खूण फाइलबरोबर गेली तरी नवी सेवा तिचा अर्थ आपोआप लावीलच असे नाही. तिला ती इतर रकान्यांसारखी एक साधी माहिती वाटते, आणि चढवताना वेगळे सांगितले नाही तर नकार दिलेला ग्राहकही इच्छुक म्हणून नोंदला जातो.

पुष्कळसे नकार तर चौकोनात नसतातच. ग्राहकाने फोनवर सांगितलेले असते आणि आपल्या माणसाने शेऱ्यात ‘मेल नको’, ‘त्रास देऊ नये’ किंवा नुसते ‘रागावले’ असे लिहून ठेवलेले असते. आम्ही शेऱ्यांचा रकाना अशा शब्दांसाठी शोधून काढतो आणि संशयास्पद नोंदी आपल्यापुढे ठेवतो. याआधी आपण दुसऱ्या एखाद्या सेवेतून पत्रे पाठवत असाल, तर तिथली अनसबस्क्राइब झालेल्यांची, म्हणजे पत्रे बंद करून घेतलेल्यांची, यादी ते खाते बंद करण्यापूर्वी उतरवून घ्यावी, कारण खाते एकदा बंद झाले की ती यादी परत मिळेल याची खात्री देता येत नाही.

यामागे सौजन्याइतकाच कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती ही स्वेच्छेने, विशिष्ट हेतूसाठी, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीने घेतलेली असावी लागते, आणि ती देणे जितके सोपे असेल तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे लागते. माहिती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो, आणि त्या भाषांत मराठी आहे. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून व्यवसायांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे. माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा लहान दुकानदाराला घाबरवण्यासाठी सांगत नसून विषय वरवरचा नाही हे कळावे म्हणून सांगत आहोत. प्रदर्शनात गोळा झालेली व्हिजिटिंग कार्डे म्हणजे जाहिरातीसाठी दिलेली संमती, असे समजू नये. आपल्या बाबतीत नेमके काय लागू होते, हे आपल्या वकिलांना विचारावे.

फाइल स्वच्छ करणे

कामाचा सर्वांत मोठा भाग हाच असतो, आणि आमच्या आकारणीतही त्याचाच वाटा मोठा असतो. सीआरएममधून उतरवलेली सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) कृपया एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नये. जशी उतरली तशीच आमच्याकडे द्यावी. ही विनंती क्षुल्लक वाटेल, पण तिच्यामागे कारणे आहेत. फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडली, तर एक्सेल अनेकदा तिची अक्षरसंहिता, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, चुकीची धरतो आणि ‘पाटील’, ‘चौगुले’ यांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उमटते. ९१ लावलेला बारा अंकी मोबाइल क्रमांक ‘९.१९ई+११’ असा दिसू लागतो, आणि तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की क्रमांकाचे उरलेले अंक कायमचे जातात. मूळ फाइल हाताशी असेल तर हे सारे सुधारता येते, नसेल तर येत नाही.

तारखांचा घोटाळा अधिक फसवा असतो. आपण ०५/१०/२०२५ असे लिहितो तेव्हा आपल्याला ५ ऑक्टोबर म्हणायचे असते, पण अमेरिकी पद्धतीने वाचणाऱ्या सेवेला तो १० मे वाटतो आणि ती तक्रार न करता तसे नोंदवून घेते. २५/१०/२०२५ मात्र ती नाकारते, कारण पंचविसावा महिना नसतो. नाकारलेल्या तारखा निदान दिसतात. स्वीकारलेल्या चुकीच्या तारखा कळतात त्या ग्राहकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा भलत्याच महिन्यात गेल्यावर. म्हणून आम्ही सर्व तारखा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने लिहून घेतो.

जुन्या नोंदींत, विशेषतः हिशेबाच्या संगणकावरून आलेल्या यादीत, श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर सापडतो. तो फाँट असलेल्या संगणकावर मराठी व्यवस्थित दिसते, पण मुळात ती युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंहितेत, नसल्यामुळे ईमेलमध्ये तिचा निरर्थक अक्षरसमूह होतो. रूपांतर करणारी साधने आहेत; तरीही रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ यांत चुका राहतात, आणि नावातली चूक ग्राहक सहसा विसरत नाही. म्हणून रूपांतरित नावे माणसाने एकदा वाचलीच पाहिजेत. हे वाचन आपल्या दुकानातील जुन्या माणसाने केले तर उत्तम, कारण घोरपडे कोण आणि घोटवडे कोण हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

नावाच्या रकान्याबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. पत्राची सुरुवात ‘प्रिय’ या शब्दाने होऊन पुढे नावाच्या रकान्यातील मजकूर आपोआप घातला जातो. त्या रकान्यात ‘श्री. पाटील (उधारी)’, ‘शिंदे काका गडहिंग्लज’ किंवा ‘फोन उचलत नाहीत’ असे काही लिहिलेले असेल, तर तेही शब्दशः ग्राहकाला जाते. आडनाव आधी की नाव आधी, नावापुढे ‘साहेब’ लावायचे की ‘जी’, आणि नावच नसेल तर ‘सन्माननीय ग्राहक’ म्हणायचे की आणखी काही, हे आपण एकदा ठरवून द्यावे.

गावांच्या नावांतही असेच आहे : कोल्हापूर, कोल्हापुर आणि केओपी, किंवा बेळगाव, बेलगाम आणि बेळगावी ही संगणकाला वेगवेगळी गावे वाटतात, आणि मग गावानुसार यादी काढताना निम्मे ग्राहक सुटतात. ईमेल पत्त्यांतील ‘जीमेल’च्या स्पेलिंगमधील उघड चुका आम्ही दुरुस्त करतो, परंतु संदिग्ध पत्त्याबाबत अंदाज बांधत नाही. ‘१,२५,०००’ अशा रकमेतील स्वल्पविराम आणि पत्त्याच्या रकान्यात मध्येच दाबलेले एंटर यांमुळे रकाने आणि ओळी सरकू शकतात. तेही तपासले जाते.

आपल्या डोमेनची तयारी

जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (पत्र खरोखर आपल्याकडूनच आले आहे हे पडताळता यावे म्हणून असतात त्या) डोमेनवर, म्हणजे आपल्या संकेतस्थळाच्या व ईमेलच्या नावावर, कराव्या लागतात आणि जाहिरातीच्या पत्रात एका क्लिकवर अनसबस्क्राइब होण्याची सोय ठेवावी लागते. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे हजारी तीनपर्यंत, पोहोचू देऊ नयेत, असेही सांगितलेले आहे. आपली संख्या कमी असली तरी या तिन्ही नोंदी करूनच घ्याव्यात, असा आमचा सल्ला आहे. फुकटच्या जीमेल पत्त्यावरून अशा सेवेमार्फत पत्रे पाठवू नयेत. ती बहुधा स्पॅममध्ये पडतात.

एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी लागते. आधीची नोंद तशीच ठेवून नव्या सेवेसाठी दुसरी जोडली, तर तपासणीच फसते आणि त्याचा फटका रोजच्या पत्रव्यवहारालाही बसू शकतो. दोन्ही एकाच नोंदीत गुंफाव्या लागतात. यासाठी डोमेनचे लॉगिन लागते. ते बहुतेकदा संकेतस्थळ करून देणाऱ्याकडे असते, म्हणून त्याचा शोध पहिल्या दिवसापासूनच घ्यावा.

प्रत्यक्ष स्थलांतर

माहिती चढवण्यापूर्वी नव्या सेवेतील सर्व स्वयंचलित पत्रे बंद ठेवली जातात. तसे न केल्यास वीस वर्षांच्या जुन्या ग्राहकालाही ‘आमच्या परिवारात आपले स्वागत आहे’ असे पत्र जाऊ शकते. नंतर थोड्या नोंदींची चाचणी होते, आणि तीत मराठी नाव, खूप लांब नाव, नाव नसलेली नोंद आणि मनाईच्या यादीतील एक पत्ता मुद्दाम घेतलेला असतो. संपूर्ण यादी चढल्यावर हिशेब जुळलाच पाहिजे : मूळ फाइलमधील ओळी म्हणजे चढलेल्या, दुबार म्हणून गळालेल्या, नाकारलेल्या आणि मनाई असलेल्या ओळींची बेरीज. हा ताळा आम्ही लेखी देतो. कोणी कोणते पत्र उघडले, कशावर क्लिक केले, हा जुन्या सेवेतील इतिहास नव्या सेवेत सहसा येत नाही. तो हवा असल्यास अहवाल म्हणून वेगळा उतरवून ठेवावा.

नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी सर्वांना पत्र पाठवू नये. अलीकडे खरेदी केलेल्या, आपल्याला ओळखणाऱ्या ग्राहकांपासून सुरुवात करून संख्या हळूहळू वाढवावी. त्यामुळे दसऱ्याला सर्वांपर्यंत पोहोचायचे असेल, तर काम गणपतीच्या आधी सुरू होणे इष्ट आहे. नवरात्र लागल्यावर आलेल्यांना आम्ही दिवाळीचीच तारीख देतो.

नंतरची व्यवस्था

स्थलांतरानंतर सीआरएम बंद करू नये. ग्राहकाची मूळ नोंद तिथेच ठेवावी आणि नवीन किंवा बदललेली माहिती तिथून ईमेल सेवेकडे जावी. ईमेल सेवेकडून सीआरएमकडे फक्त अनसबस्क्राइब आणि परत आलेल्या पत्त्यांची माहिती यावी. दोन्हीकडून सर्व रकाने एकमेकांवर लिहिण्याची सोय असते, पण ती आम्ही सहसा सुचवत नाही, कारण मग एखाद्या रकान्यातला बदल कोणी आणि कुठून केला हे शोधणे अवघड होते. काही सेवा अनसबस्क्राइब झालेल्यांचीही संख्या धरून आकारणी करतात आणि काही पाठवलेल्या पत्रांवर करतात, तेव्हा योजना निवडताना हे आधी पाहावे.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नये आणि आपला मुख्य पासवर्डही देऊ नये. आमच्यासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते उघडून द्यावे आणि काम संपताच ते बंद करावे. ताळा मान्य असल्याचे आपण लेखी कळवल्यावर आमच्याकडील सर्व प्रती पुसल्या जातात. पहिल्या भेटीला येताना सीआरएमचे नाव, नोंदींची अंदाजे संख्या, डोमेन कोणाकडे आहे ही माहिती आणि आजवर कोणत्या सेवेतून पत्रे पाठवली तिचे नाव एवढे आणावे. वहीतील नोंदी अजून टाइप व्हायच्या असतील तर त्या कामाचा अंदाज वेगळा दिला जाईल.