लायसन्समुक्त पट्टा आणि हॅम रेडिओ: स्वतःचा ट्रान्समीटर नेमका कशात बसतो?

"पॉवर एवढीशी, याला कसलं लायसन्स?" गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कॉलेजची पोरं हे हमखास विचारतात. एका ट्रान्झिस्टरचं एफएम किट सोल्डर करायचं आणि मंडळाचा कार्यक्रम गल्लीभर मोबाईलवर ऐकवायचा, असा बेत असतो. व्हिडिओ अमेरिकेचा पाहिलेला असतो आणि त्यातली कमी पॉवरची सवलत अमेरिकेच्या नियमांतली असते. आपल्याकडे 88 ते 108 मेगाहर्ट्झवर गल्लीसाठी कार्यक्रम लावणं हे प्रसारण, त्याला लायसन्स लागतं. बिहारमधलं मन्सूरपूरचं घरगुती स्टेशन 2006 मध्ये याच कारणाने बंद पडलं. शिवाय 108 च्या लगेच वर विमानांचा पट्टा सुरू होतो आणि सांबऱ्याचा विमानतळ आपल्या उशाला आहे. हात जवळ नेला तरी ज्याची फ्रिक्वेन्सी सरकते, ते सर्किट तिथे चालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता खरा गोंधळ. लायसन्समुक्त पट्टे सगळ्यांच्या वापरात आहेत: वायफाय-ब्लूटूथचा 2.4 गिगाहर्ट्झ, लोराचा (कमी विजेत लांबवर डेटा पाठवणाऱ्या मॉड्यूलचा) 865 ते 868 मेगाहर्ट्झ, रिमोटचा 433 ते 434. यावर जास्त लिहीत नाही. पण "मुक्त" शब्द वाचून लोक समजतात, इथे घरी बनवलेलं काहीही चालवावं. तिथे सूट मिळते ती वापरणाऱ्या माणसाला. यंत्र मात्र नियमांनी बांधलेलं असतं. ते मान्यताप्राप्त नमुन्याचं हवं, पॉवर आणि बँडविड्थ ठरलेल्या मर्यादेत हवी. 433 वर तर फक्त 10 मिलिवॅट. वर दुसऱ्याला अडथळा करायचा नाही आणि दुसऱ्याने केला तर तक्रार करायची नाही. म्हणून तयार, मान्यता असलेलं मॉड्यूल घ्यावं. त्याला अँप्लिफायर किंवा मोठा अँटेना जोडला की मूळ मान्यतेचा आधार उरत नाही. हे जोडकाम सर्रास चालतं आणि मला त्याची चीड येते.

हॅममध्ये, म्हणजे परीक्षा देऊन लायसन्स घेतलेल्या हौशी लोकांच्या रेडिओत, नेमकं उलटं. परीक्षा माणसाची होते, आणि पास झालेल्या माणसाने यंत्र स्वतः बांधावं हे तिथे अपेक्षितच असतं. कॉइल गुंडाळा, फ्रिक्वेन्सी जुळवायचा ट्रिमर फिरवा, बिघडलं तर पुन्हा उकला. आपल्या सिग्नलची जबाबदारी तुमची. म्हणजे ज्याला सोल्डरिंगचा नाद आहे, त्याला मोकळीक लायसन्समध्येच मिळते. वय 12 पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे लायसन्सच्या खालच्या वर्गाला, मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) लागत नाही.

निपाणीकर विचारतात, "कोल्हापूर महाराष्ट्रात, तिथे नियम वेगळे का?" नाहीत. हा विषय केंद्राचा, कॉलसाइनवरही (हॅमला मिळणाऱ्या ओळख-क्रमांकावर) राज्य दिसत नाही.

लायसन्स हातात आलं की माझी पसंती 7 मेगाहर्ट्झच्या छोट्या किटला. वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल, 14 वर ऐकू जाईल. मंडळाचा कार्यक्रम मात्र हॅमवरूनही लावता येत नाही, गाणी आणि प्रसारण त्यात बसत नाही. त्यासाठी सरळ वायर ओढून स्पीकर लावा.